युती भाषणाने होत नसते: सीमाभागातल्या तरुण अद्भुतकथाकारांना खुले पत्र

तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या कथा मी वाचतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या निमित्ताने, दिवाळी अंकांतून, कॉलेजांच्या वार्षिकांतून आणि हल्ली फोनवर येऊन पडणाऱ्या पीडीएफमधून. मी समीक्षक नव्हे. बेळगावात आडत दुकानात वह्या लिहिण्यात उमर गेली. सकाळचे सौदे उरकले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करून झाल्या, की दुपारी हाताला लागेल ते वाचत बसायचे, एवढाच माझा अधिकार. अलीकडे तुमच्यात राक्षस, मांत्रिक, उडते सर्प आणि कुठल्याच नकाशावर नसलेली राज्ये यांचे पीक जोरात आले आहे. मला त्याचे कौतुक आहे. कणकुंबीच्या पावसासारखा पाऊस पडणारे जंगल एका मुलीने तिच्या राक्षसांना राहायला दिले होते. ते वाचताना दुपारी दोन वाजता दुकानात मला थंडी वाजली.

पण एका ठिकाणी माझे घोडे दर वेळी अडते. उत्तरेकडून काळी फौज येत असते. चार राज्ये एकमेकांचे तोंड बघत नाहीत. मग सोळा-सतरा वर्षांचा नायक भर दरबारात उभा राहतो, ‘आज आपण एक झालो नाही तर’ असे दीड पान बोलतो, म्हातारा राजा डोळे पुसतो, तलवारी उंचावतात, आणि पुढच्या प्रकरणात चारही सैन्ये एका रांगेत उभी. तीन पिढ्यांचे वैर दीड पानात धुऊन निघाले! आमच्या बाजारात एवढ्या वेळात पोत्याचा भावसुद्धा तुटत नाही.

संशय म्हणजे कथेतला केर, असे समजून तुम्ही तो झाडून टाकता. माझे म्हणणे एवढेच, की युती संशय शाबूत असतानाच होते. जी टिकते ती त्या संशयाची नीट सोय लावलेली असते म्हणून टिकते. ओलीस कोणी कोणाकडे ठेवायचा, किल्ल्याची किल्ली कोणाकडे राहणार, नदीत पहिला घोडा कोणाचा उतरणार, लूट मोजायला कोणाचा कारकून बसणार. कथा तिथे आहे. तिथे तुम्ही पान उलटता.

आणि हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. १९५६ पासून आपल्या डोक्यावर दोन राज्ये एकमेकांकडे डोळे वटारून बसली आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण वातावरण तापले की काय होते ते तुम्ही पाहिले आहे. आधी एसटी बंद होते. कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोलीस उभे राहतात. आणि त्याच रात्री बेळगावची भाजी गोव्याला निघते, कोल्हापूरचा गूळ इकडे उतरतो, कुणाच्या तरी ओसरीवर सीमेपलीकडच्या पाहुण्यांबरोबर लग्नाच्या याद्या चाललेल्या असतात. भांडण आणि व्यवहार एकाच रस्त्याने, एकाच दिवशी. तुमच्या कथांत मात्र दोन राज्यांचे वैर असले की त्यांच्यात मिठाचीही ने-आण नसते. मग बोलणी सुरू करायला पहिला माणूस येणार कुठून? मला विचाराल तर तो पहिला माणूस मिठाचा व्यापारीच असतो. दोन्हीकडच्या जकातनाक्यांवर त्याला नावाने ओळखतात, आणि दोन्ही राजे थोडे थोडे त्याचे देणे लागत असतात. नायकाला भाषण करू द्या हवे तर, पण त्याआधी या माणसाला दोन खेपा घालू द्या.

आता आपल्याच मुलखातली एक युती घ्या. तालिकोटची लढाई आपण शाळेत एका ओळीत शिकलो: दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला, २३ जानेवारी १५६५. त्या ‘एकत्र येऊन’च्या पोटात काय काय दडले आहे पाहा. विजापूरचा अली आदिलशहा आणि अहमदनगरचा हुसेन निजामशहा हाडवैरी. थोड्याच वर्षांपूर्वी हा आदिलशहा विजयनगरचा कारभार हाकणाऱ्या रामरायाच्या फौजा बरोबर घेऊन अहमदनगरवर चालून गेला होता. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तरुणपणी भावाच्या भीतीने विजयनगरला पळून आला होता आणि सात वर्षे रामरायाचे मीठ खाऊन होता. आता तोच रामरायाविरुद्धच्या जुळवाजुळवीत मध्यस्थ. चौथा बिदरचा अली बरीद, मुलूख छोटा, ज्याचे पारडे जड त्याच्याकडे बघणारा.

हे जमले कशाने? एका किल्ल्याने आणि दोन लग्नांनी. सोलापूरच्या किल्ल्यावरून विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान्‌पिढ्या लढत आले होते. हुसेनने आपली मुलगी आदिलशहाला दिली आणि सोलापूर आंदण म्हणून सोडले. आदिलशहाची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला गेली. शुद्ध साटेलोटे. दोन्ही वाड्यांत दुसऱ्या वाड्याची लेक नांदायला आली, म्हणजे दोन्हीकडे एकेक ओलीस बसला, फक्त त्याला ओलीस कोणी म्हणायचे नाही. ती अहमदनगरची मुलगी म्हणजे पुढची चांदबिबी. दुसऱ्याच्या तहातले कलम होऊन सासरी आलेली ही मुलगी पुढे माहेरच्या किल्ल्याच्या तटावर उभी राहून मोगलांशी लढली. तुमच्या राजकन्या तहाच्या वेळी खिडकीतून चंद्र बघत असतात, म्हणून आठवण करून दिली.

मग कृष्णेचा उतार. पलीकडच्या काठावर रामरायाची फौज उतार रोखून बसलेली. तवारिखांत लिहिले आहे, की या चौघांनी दुसरीकडे उतार शोधायला निघाल्याचे सोंग केले आणि काही मजला नदीकाठाने चालत राहिले. पलीकडची फौजही काठाकाठाने सरकली. आणि मग हे झटक्यात माघारी फिरून मूळच्या उतारावरून पार झाले. युक्ती फक्कड आहे, पण कथाकाराच्या नजरेने बघा. चार फौजा, चार धनी, आणि अंधारातली उलटी चाल. आपण फिरलो आणि बाकीचे तिघे फिरलेच नाहीत तर, हा विचार चौघांपैकी कोणाच्याच मनात आला नसेल? लढाईत मधोमध तोफखाना घेऊन निजामशहा उभा राहिला, उजवीकडे आदिलशहा, डावीकडे कुतुबशहा आणि बरीद. मधल्या जागेला मान असतो आणि मारही तिथेच बसतो. ती जागा कोणी मागितली, कोणी गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात घातली? यावर तुमच्यापैकी कोणीही प्रकरण लिहू शकेल. निजामशहाच्या तोफांत तांब्याची नाणी भरून डागली होती म्हणतात. त्या नाण्यांचा खर्च नंतर चौघांत वाटला की एकट्याच्या खाती पडला? मी वहीवाला माणूस, मला असले प्रश्न पडतात.

पानिपतावर मी काही लिहीत नाही. ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा तीस वर्षांनंतरचे एक प्रकरण आपल्या उंबऱ्यावरचे आहे. १७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध एकत्र आले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला, मदतीला इंग्रजांची एक तुकडी. वेढा कित्येक महिने रेंगाळला. त्या तुकडीतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने वैतागून लिहून ठेवले आहे: मराठे तोफ भरतात, मग बसून चिलीम ओढत गप्पा मारतात, मग एकदाची उडवतात, की पुन्हा गप्पा. आमच्या बाजूच्या कोणी तेव्हा काय लिहिले असते याची मी कल्पना करतो. ‘साहेबांना घाई फार, आणि दारूगोळा मात्र मागायचा आमच्याकडे.’ दोस्त फौजांचे खरे नाते असे असते. शत्रूवर राग असतोच, पण रोज उठून चीड येते ती शेजारच्या तंबूची.

पुढचा प्रसंग तर मला कुठल्याही अद्भुतकथेपेक्षा भारी वाटतो. मे १७९१. इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला, पण तोफा ओढणारे बैल मरून पडत होते आणि तांदूळ संपत आला होता. शेवटी स्वतःच्या अवजड तोफा स्वतःच फोडून तो माघारी निघाला. आणि निघतो न निघतो तोच लांबवर घोडदळ दिसले. इंग्रजांना वाटले टिपूच आला. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ. एवढी मोठी दोस्त फौज जवळ येऊन ठेपली तरी कॉर्नवॉलिसला पत्ता नव्हता, कारण टिपूच्या स्वारांनी मधल्या मधे जासूद कापून काढले होते. मेलुकोट्याजवळ दोन्ही फौजा मिळाल्या. मराठ्यांच्या तळावर भरलेला बाजार होता: धान्य, गुरे, काश्मिरी शाली, विलायती कापड, चाकू-कात्र्या, लुटीतले दागिने, थेट कोकणातली सुकी मासळीसुद्धा. उपाशी इंग्रजांना तिथे सगळे मिळाले, फक्त भाव चढा होता. दोस्ताला उपाशी मरू द्यायचे नाही आणि फुकटही खाऊ घालायचे नाही. यात मला काही वावगे दिसत नाही.

इथे तुमच्या जादूचा विषय निघतो. ज्या जगात दूरचे बोलणारा आरसा आहे, त्या जगात मेलुकोट्याची गंमत घडूच शकत नाही. जासूद मारून फायदा काय? म्हणून आरसा फोडा असे मी म्हणत नाही. आरशावर बसणारे मांत्रिक चारांपैकी एकाच राज्यातले असू द्या. म्हणजे बाकी तिघांना प्रत्येक निरोप त्या राज्याच्या तोंडून ऐकावा लागेल, आणि निरोप खरा असला तरी त्यांना तो पुरता पटणार नाही. एकाने खोटे बोलणाऱ्याची जीभ काळी पाडणारा मंत्र घातला होता आणि तिथेच सगळे राजकारण संपवले होते. संपायला नको होते. असा मंत्र असलेल्या दरबारात शहाणा राजा असा दूत पाठवील ज्याला काहीच सांगितलेले नाही. तो बिचारा जे बोलेल ते मनापासून बोलेल, जीभ गुलाबीच राहील, आणि सगळेच्या सगळे फसतील.

तुमचा खलनायक हीसुद्धा एक अडचण आहे. तो इतका काळाकुट्ट असतो की त्याच्याशी बोलणेच शक्य नसते. त्यामुळे चारांपैकी कोणाला फुटायचा मोहच होत नाही, आणि न फुटणाऱ्यांच्या निष्ठेला काही किंमतही राहत नाही. नाना फडणवीसांनी १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध केवढी जुळणी केली होती: टिपूचा बाप हैदर, निजाम, नागपूरकर भोसले आणि पुणे. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने समोर येऊन ती फोडली नाही. गुंटूर प्रांताचा वाद निजामाच्या मनासारखा मिटवला, निजाम गप्प बसला. नागपूरकरांना पैसे पोचले. त्यांची फौज बंगालच्या नावाने निघाली होती खरी, पण कटकेला जाऊन इतकी रेंगाळली की तिने दोन्ही बाजूंचा मान राखला. पुण्याला सांगायला मोहीम चालू, कलकत्त्याला सांगायला लढाई नाही. उरले पुणे आणि हैदर. मग १७ मे १७८२ रोजी पुणेकर आणि इंग्रजांचा सालबाईचा तह झाला, त्यात हैदरने जिंकलेला मुलूख परत करावा असे कलम, आणि हैदर अजून लढतोच आहे. नानांनी तहावर शिक्कामोर्तब करायला महिनोन्‌महिने लावले. हैदर डिसेंबरात वारला, मगच ते झाले. नानांना दगाबाज म्हणा किंवा धोरणी म्हणा, पण ते महिने कसे गेले असतील? हैदरचा वकील समोर बसलेला आणि मसुदा गादीखाली. तुमच्या काळ्या सम्राटाजवळ देण्यासारखे काहीतरी असू द्या. एखादे गुंटूर.

बोलणी कशी होतात हे बघायचे असेल तर बैलबाजारात जा. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकतो आणि त्याखाली विकणाऱ्याची बोटे धरतो. दोन बोटे दाबली, सोडली, मग पूर्ण पंजा. ‘ह्येवढं हजाराचं, ह्येवढं शेकड्याचं.’ विकणारा मान हलवतो. दलाल टॉवेलासकट घेणाऱ्याकडे वळतो, पुन्हा बोटे. भोवती वीस माणसे उभी असतात, आकडा एकालाही कळत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत. चेहरे असे, जणू बैल तिसऱ्याच कोणाचा आहे. मध्येच विकणारा दावे सोडून निघून जायला लागतो, दलाल त्याच्या सदऱ्याला धरून परत आणतो. ते निघून जाणेही बोलण्यातलेच असते. तुमच्या दरबारांत हा टॉवेल नाही. भर सभेत राजाने ‘सात हजार स्वार देतो’ म्हटले की त्याला पाचावर उतरता येत नाही, लोकांसमोर नाक कापले जाते. आधी कुठेतरी झाकून बोटे दाबली गेली पाहिजेत, आणि ती दाबणारा माणूस दोघांचाही आकडा जाणणारा हवा. त्याला तुम्ही कथेत घेतलेत तर मी सांगतो, नायकापेक्षा तोच जास्त लक्षात राहील.

तहाचा कागद झाला की काम संपले असेही नाही. कृष्णेचे पाणी वाटायला लवाद बसला, १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी असे आकडे पडले. म्हणून काय सगळे गुण्यागोविंदाने राहिले? सांगलीत पाणी शिरले की अजून पहिली नजर आलमट्टीच्या दारांकडे जाते. अथणी-चिकोडीकडच्या लोकांना विचारा, ते वर कोयनेकडे बोट दाखवतील. कागद संशय घालवत नाही, तो मोजायचा कसा एवढे ठरवतो. तुमच्या चार राज्यांच्या मध्ये एखादी नदी असेल तर धरणाच्या दारांवर कोणाचा पहारा, हे आधी ठरवा.

आपली माणसे नेहमी धुतल्या तांदळासारखी असतात, हेही जरा आवरा. १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. कोणाचा मठ, कोणाची फौज! आणि मठाच्या स्वामींना पुन्हा उभे राहायला मदत पाठवली ती टिपूने. आपल्याकडे हे फार कोणी बोलत नाही. दोस्त फौज ज्या गावावरून जाते त्या गावाला दोस्त आणि शत्रू यांतला फरक कणगीच्या तळाशी शोधावा लागतो. तुमच्या काळ्या फौजेने जाळलेली गावे मी पुष्कळ वाचली, आपल्या बाजूच्या फौजेने खाऊन टाकलेले एकही नाही.

राहता राहिला विजयानंतरचा दिवस. टिपूशी तह झाला तेव्हा निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस असा हिशेब झाला आणि मुलूख तिघांत सारखा वाटला गेला. वाटणी सारखी होती, तरी पुढे तिघांपैकी कोण वाढले आणि कोण आटले ते आपण जाणतोच. तालिकोटच्या चौघांचेही तसेच. रायचूर-मुद्गलचा दुआब विजापूरला मिळाला, आणि थोड्याच काळात जुनी भांडणे जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू झाली. युतीत आलेले बिदर पुढे १६१९ मध्ये विजापूरनेच गिळले.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती न आलेल्या पाचव्याची. वऱ्हाडची इमादशाही त्या युतीत गेली नाही. अहमदनगरशी तिचे वैर होते. १५७४ मध्ये त्याच अहमदनगरने वऱ्हाड खालसा केले. म्हणजे वऱ्हाडचा संशय खरा होता, आणि खरा असून काही उपयोग झाला नाही. तुमच्या कथांत युतीला नकार देणारा राजा एकतर भेकड असतो नाहीतर फितूर, आणि शेवटच्या लढाईत ऐन वेळी डोंगरावरून शिंगे फुंकत येतो. नका आणू त्याला. त्याचा दूत बोलण्यांना बसलेला दाखवा. तो सगळे ऐकतो, पान-सुपारी घेतो, टॉवेलाखाली हात घालायला नकार देतो आणि सकाळी उठून आपल्या गावाला निघतो. रस्त्यात तो काय विचार करतो, घरी पोचल्यावर राजाला काय सांगतो, नऊ वर्षांनी दारात अहमदनगरची फौज उभी राहते तेव्हा तो म्हातारा काय म्हणतो, हे कोणीतरी लिहा.

पुढच्या संमेलनाच्या कथा पाठवताना हा दूत कोणी घेतला असेल तर ती कथा माझ्याकडेही पाठवा. हाताने लिहिलेली असली तरी चालेल, फक्त कागदाच्या एकाच बाजूला लिहा. आणि तह केला असेल तर त्याची कलमे वेगळ्या पानावर जोडा. ती कथेत छापायची गरज नाही, पण मला वाचायची आहेत.

तुमचा,
आडत दुकानातला एक वाचक,
बेळगाव